गोळी बदलली की घड्याळही बदलतं

सकाळी आठला लक्ष टिकवण्याची गोळी घेतली. साडेआठला लॅपटॉप उघडणार, तेवढ्यात मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपत आलेली दिसली. म्हटलं, भरून टाकू. मग शेजारचं जिरं. मग फळीवरचे सगळेच डबे खाली आले. सव्वाअकराला माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर सुवाच्य अक्षरातलं लेबल होतं. तारीख होती वीस, आणि त्याच दिवशी ज्यांचं जीएसटी रिटर्न भरायचं होतं त्यांची फाइल मी उघडलीही नव्हती.

गोळी लागू पडली नाही असं मात्र म्हणता येणार नाही. चांगली लागू पडली. जवळजवळ तीन तास मी त्या ओट्यापासून हलले नाही. ते तीन तास कशासाठी आहेत हे आदल्या रात्री ठरवून ठेवायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि मन आवरणं अवघड जाण्याचा विकार, आहे हे छत्तिसाव्या वर्षी कळलं. निदान करताना लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे बघतात. आईनं माळ्यावरच्या ट्रंकेतून माझं चौथीचं प्रगतिपुस्तक काढून दिलं. त्यात बाईंचा शेरा होता, ‘हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर.’ डॉक्टर तो वाचून हसले आणि त्यांनी तो केसपेपरवर उतरवून घेतला. तेव्हापासूनच्या तीन वर्षांत माझी औषधं दोनदा बदलली. त्यात मी ज्या चुका केल्या, त्यांतल्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या: एका औषधाचं घड्याळ मी दुसऱ्या औषधाला लावत होते. म्हणून हा लेख. तो वाचून डोस मनानं कमी-जास्त करू नका, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मात्र यातून जरूर उचला.

मोरी आणि बोळा

मेंदूतल्या एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो रसायनांच्या हाती. एडीएचडीच्या संदर्भात त्यांतली दोन महत्त्वाची, डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन. निरोप पोचला की हे रसायन परत ओढून घेणारे पंप असतात. जुन्या घरातली मोरी डोळ्यांपुढे आणा. बादली ओतली की पाणी भोकातून गायब. मेथिलफेनिडेट हे औषध मोरीला बोळा लावतं. पाणी तेवढंच, पण ते थोडा वेळ साचून राहतं आणि निरोप धड पोचतो. ॲम्फेटामिन बोळा तर लावतंच, वर नळही सोडतं. या दोघांना उत्तेजक औषधं म्हणतात.

ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही. ते फक्त नॉरॲड्रेनॅलिनच्या मोरीला बोळा लावतं. पण मेंदूच्या ज्या भागात बेत आखणं, मन आवरणं ही कामं चालतात, त्या कपाळामागच्या भागात डोपामिनचाही बराचसा निचरा त्याच मोरीतून होतो. त्यामुळे तिथं दोन्ही वाढतात. क्लोनिडिन मोरीच्या वाटेलाच जात नाही. ते मुळात रक्तदाबाचं औषध, आणि लहान मुलांचा अतिचंचलपणा, झोप यांसाठी कधीकधी देतात.

उत्तेजक औषध दिल्यावर चंचल मूल शांत कसं बसतं, हे कोडं जुनं आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरनं मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून त्यांना बेन्झेड्रीन नावाचं ॲम्फेटामिन दिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असं नाव ठेवलं. मेथिलफेनिडेट त्यानंतरचं, १९४४ सालचं. स्वित्झर्लंडमधल्या लेआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं. त्याची बायको रीटा टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची, म्हणून बाजारातलं नाव ठेवलं रिटालिन. बायकोच्या नावाची साडी, हॉटेल, बंगला ऐकला होता, गोळी पहिल्यांदाच ऐकली.

भारतात यांपैकी प्रामुख्यानं मिळतात ती मेथिलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन. अमेरिकेत सर्रास दिली जाणारी ॲडेरॉलसारखी ॲम्फेटामिनची औषधं आपल्याकडच्या केमिस्टकडे नसतात. न्यू जर्सीहून पुण्याला कायमचे परत येणारे कितीतरी जण इथं आल्यावर बाटलीतली शेवटची गोळी संपली की जागे होतात. औषध बदलणं त्यांना चुकत नाही, तर ते तिकडच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, निघायच्या दोन-तीन महिने आधीच का करू नये? आणि वाटेत जपानला उतरणार असाल तर आणखी सावध राहा. तिथं ॲडेरॉलसारखी ॲम्फेटामिनची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह नेणंही बेकायदा आहे.

प्रत्येकाचं घड्याळ वेगळं

साधी मेथिलफेनिडेटची गोळी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. तिचा पडताळा त्याच दिवशी येतो. म्हणून डॉक्टर लहान डोसनं सुरुवात करतात आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवतात. ‘गोळीनं काही झालं नाही’ म्हणून औषध बदलून मागणाऱ्या अनेकांच्या बाबतीत औषध चुकलेलं नसतं, डोस पुरेसा चढवलेला नसतो. बदलायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न तोच: आत्ताच्या औषधाला आपण पुरी संधी दिली का?

त्याच औषधाच्या दिवसभर पुरणाऱ्या गोळ्याही असतात. बनावटीप्रमाणे त्या आठ ते बारा तास चालतात. त्यांतल्या एका प्रकाराची रचना मला फार आवडते. वरचा लेप आधी विरघळतो आणि सकाळचा डोस देतो. मग गोळीत हळूहळू पाणी शिरतं, आतला एक कप्पा फुगतो आणि औषधाला बारीक छिद्रातून बाहेर ढकलत राहतो, टूथपेस्टची ट्यूब खालून दाबत आणावी तसा. कवच विरघळत नाही, ते शौचावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून डॉक्टरला फोन करतो. अशी गोळी चावायची, तोडायची, कुटायची नाही, कारण मग दिवसभराचा माल एकदम अंगावर येतो.

आता आकड्यांची भानगड. या प्रकारची १८ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे साधी ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे १८ बरोबर १५. पट्टीवरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून ‘डोस वाढवला की काय’ असं ठरवायला जाऊ नये. दोन कंपन्यांच्या दिवसभर पुरणाऱ्या गोळ्याही आकडा तोच असला तरी तशाच वागतील असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याच प्रकारच्या गोळीच्या दोन जेनेरिक पर्यायांबद्दल सांगितलं, की सातव्या ते बाराव्या तासात त्यांतून औषध मूळ गोळीपेक्षा सावकाश पोचत असावं, तेव्हा त्या मूळ गोळीच्या जागी आपोआप देऊ नयेत. केमिस्ट म्हणाला, ‘ताई, हे सेमच आहे, कंपनी फक्त वेगळी,’ तर गोळी घ्या, पण नाव आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात दुपारी तीनलाच डोकं रिकामं झालं तर कारण शोधत बसावं लागणार नाही.

ॲटोमॉक्सेटिनच्या घड्याळाला तासांचा काटाच नाही. बोळा पहिल्या दिवशी बसतो, पण त्याचा परिणाम रोजच्या कामात दिसायला आठवडे लागतात. एक-दोन आठवड्यांत चाहूल लागते, चार ते सहा आठवड्यांत बऱ्यापैकी कळतं, काहींना बारा आठवडेही लागतात. मोठ्या माणसांना सहसा ४० मिलिग्रॅमनं सुरुवात करून ८० पर्यंत नेतात, मुलांना वजनाप्रमाणे देतात. हे औषध रोज घ्यायचं, रविवार असो की दिवाळी.

माझी पहिली मोठी चूक इथंच झाली. साध्या मेथिलफेनिडेटवर माझं काम छान चालायचं, पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुपारची गोळी उतरली की मी भडकून उठायचे. नेमकी तीच मुलीच्या गृहपाठाची वेळ. डॉक्टरांनी ॲटोमॉक्सेटिन सुरू केलं आणि सांगितलं, की जुनी गोळी काही आठवडे चालू ठेवायची, नवीन औषध बसलं की ती काढू. मी ऐकलं ते एवढंच, की जुनी काढू. रविवारी रात्री जुनी पट्टी कपाटात टाकली, सोमवारी सकाळी रिकाम्या पोटी नवीन गोळी घेतली आणि दहा वाजता ऑफिसच्या बेसिनपाशी उभी. ॲटोमॉक्सेटिन खाऊन घेतलं की मळमळ कमी होते, हेही चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

दहाव्या दिवशी फोन केला, की हे औषध बेकार आहे. डॉक्टर म्हणाले, ‘दहा दिवसांत या औषधाबद्दल मलासुद्धा काही सांगता येत नाही. तुम्ही कसं ठरवलंत?’

म्हणून औषध बदलायचं ठरलं की चिठ्ठीवर तीन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून घ्या: जुनं कधी थांबवायचं, दोन्ही बरोबर किती दिवस, आणि नवीनचा निकाल कोणत्या तारखेला लावायचा. तारीख हवी. ‘थोड्या दिवसांनी बघू’ हे एडीएचडीवाल्या माणसाला सांगणं म्हणजे न सांगण्यासारखं. शक्य असेल तर घरातलं कुणी बरोबर न्या.

एका मेथिलफेनिडेटवरून दुसऱ्यावर जाणं त्या मानानं सोपं. आज साधी, उद्यापासून लांबची, म्हणजे दिवसभर पुरणारी, असं बहुधा करता येतं. क्लोनिडिनचं मात्र तसं नाही. ते एकाएकी थांबवलं तर रक्तदाब उसळी मारतो, म्हणून पायरी-पायरीनं उतरवावं लागतं. गावी जाताना मुलाची गोळी घरी विसरली तरी चालेल असं यात नसतं, तिथूनच डॉक्टरांना फोन करावा.

आणखी एक गुंता. उदासीनतेसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. यकृतातलं जे एन्झाइम ॲटोमॉक्सेटिनचा निचरा करतं, त्यालाच ही औषधं अडवतात. डोस तोच, पण रक्तात औषध कितीतरी जास्त साचतं. काही जणांचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. इतरांच्या शरीरात सुमारे पाच तासांत निम्मं होणारं औषध त्यांच्या शरीरात निम्मं व्हायला वीस तासांच्यावर लागतात. ‘आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला एवढ्याच डोसनं काही झालं नाही’ या वाक्याला म्हणून काही अर्थ नसतो.

मुलांच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी. ॲटोमॉक्सेटिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे मूल गप्प-गप्प होतंय का, मरणाच्या गोष्टी बोलतंय का याकडे लक्ष ठेवा, आणि तसं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मेथिलफेनिडेटवर भूक मरते, तेव्हा उंची आणि वजन नियमित मोजून लिहून ठेवा. नाडी आणि रक्तदाब तर लहानमोठे सगळ्यांचेच बघायचे. घरात कुणाला हृदयविकार असेल, कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं.

वहीतली एक ओळ

डॉक्टर महिन्यातून पंधरा मिनिटं भेटतात. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला माझं उत्तर आदल्या दिवसावर ठरायचं. आता मी रोज एक ओळ लिहिते. गेल्या वर्षी साध्या गोळीवर असतानाच्या एका मंगळवारची ओळ अशी:

‘गोळी ८:१०, पोहे खाऊन. ९ ला बसले. डबा अर्धा परत. दुपारची गोळी ५:२० ला उतरली. ६ ला पोरीवर ओरडले. नाडी ९२. झोप १२:३०.’

अशा चौदा ओळी डॉक्टरांनी दोन मिनिटांत वाचल्या आणि लांबची गोळी द्यायचं ठरवलं. माझ्या वर्षभराच्या बोलण्यातून जे निघालं नव्हतं, ते त्या ५:२० नं सांगितलं.

वही नवीन औषधाच्या आधी आठवडाभर सुरू करा. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी लांबच्या गोळीच्या पहिल्याच आठवड्यात चहा सोडून ‘हेल्दी’ म्हणून काळी कॉफी धरली. छाती धडधडायला लागली, दोष गोळीला दिला. कॉफी बंद केल्यावर तीन दिवसांत धडधड गेली. पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात औषध कमी पडतं असा बऱ्याच बायकांचा अनुभव आहे, माझाही आहे. वहीत पाळीची तारीख असली तर त्या आठवड्यातला वाईट दिवस औषधाच्या खात्यावर मांडला जात नाही.

स्वतःची चिडचिड स्वतःला दिसत नाही, म्हणून वहीचा एक रकाना नवऱ्याकडे आहे. तो त्यात फक्त ठीक किंवा ‘जपून’ लिहितो.

मोहरी की रिटर्न

आता पुन्हा त्या बरण्यांकडे. गोळी लक्ष धरून ठेवते, ते कुठं लावायचं हे ती ठरवत नाही. ती चढते तेव्हा समोर जे असेल त्याला आपण चिकटतो. समोर फोन असेल तर फोनला, आणि मग चार तास अत्यंत एकाग्रतेनं अनोळखी लोकांच्या लग्नातल्या साड्या बघणं होतं. म्हणून मी रात्री झोपताना बंद लॅपटॉपवर एक चिठ्ठी ठेवते. त्यावर एकच काम, तेही क्रियापदासकट. ‘जीएसटी’ असं लिहून चालत नाही, ‘हार्डवेअरवाल्यांची मार्चची खरेदीबिलं टॅली कर’ असं लिहावं लागतं. सकाळी मोहरी दिसली तर तीही त्याच चिठ्ठीच्या मागे लिहायची. भरायची संध्याकाळी.

वेळ मला जाणवत नाही. दहा मिनिटं आणि पन्नास मिनिटं माझ्या डोक्यात सारखीच. मोबाइलचे अलार्म लावून पाहिले, आठवड्यात त्यांचा आवाज घरातल्या पंख्यासारखा झाला, ऐकूच येईना. कुकरच्या शिट्ट्या मात्र ऐकू येतात. डाळ लावायची आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत फक्त पसारा आवरायचा. आईनं आयुष्यभर असंच काम केलं, तिला कुणी निदान करून दिलं नाही एवढंच.

एकटीनं बसून होत नाही ते काम दुसरं कुणी शेजारी गप्प बसलेलं असलं की होतं, असं एडीएचडीवाले जगभर सांगतात. परदेशात त्यासाठी अनोळखी माणसं व्हिडिओ कॉल लावून एकमेकांसमोर मुकाट काम करतात. आपल्याकडे अभ्यासिका आहेत. सदाशिव पेठेत गल्लीगल्लीत, आणि आता नाशिकलाही पुष्कळ. एमपीएससीच्या पोरांच्या रांगेत एक खुर्ची महिन्यानं घेतली आहे. अकरा आणि वीस या जीएसटीच्या तारखांच्या आधी तीन दिवस मी तिथं जाते. शेजारचा मुलगा राज्यघटना पाठ करतो, मी इनव्हॉइस मोजते. एकमेकांचं नावही आम्हाला माहीत नाही.

जेवणाचं वेळापत्रक गोळीच्या आधी लागतं. दुपारी भूक मेलेली असते, म्हणून सकाळी गोळीआधी अंडी किंवा मुगाचं धिरडं असं पोटभरीचं खाऊन घ्यायचं. दुपारी भूक नसली तरी दोन घास, ताक आणि मूठभर शेंगदाणे. हे टाळलं की संध्याकाळची चिडचिड औषध उतरल्याची की उपाशीपणाची, ते कळत नाही. निम्म्या वेळा ती उपाशीपणाचीच निघाली.

गोळी उतरण्याच्या तासात मी पैशाचं बोलत नाही, सासूबाईंना फोन करत नाही आणि गृहपाठ घेत नाही. गृहपाठ आता बाबांकडे. मी मेथी निवडते. हात कामात, डोकं मोकळं, आणि एखादी काडी चुकून भाजीत गेली तरी कुणाचं नुकसान नाही.

पट्टी संपण्याआधी

इच्छा नसताना होणारा औषधबदल सगळ्यात वाईट, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे पट्टी संपणं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲडेरॉलचा तुटवडा जाहीर झाला तेव्हा कितीतरी लोकांना चालतं औषध सोडून दुसरीकडे वळावं लागलं. आपल्याकडे मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधयादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो आणि ती त्याला दोन वर्षं जपावी लागते. माल कुलपात ठेवायचा, नोंदवही वेगळी. एवढा व्याप नको म्हणून कोपऱ्यावरचे केमिस्ट हे औषध ठेवतच नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर ते मिळत नाही, आणि मिळालंच तर तिथून घेऊ नये.

ज्या माणसाला वीजबिल भरायचं लक्षात राहत नाही, त्यानं दोन प्रती, तारीख, एकमेव केमिस्टची वेळ हे सगळं सांभाळून औषध आणायचं, आणि कशासाठी, तर लक्षात राहावं म्हणून! या विनोदावर मी पुष्कळदा रडले आहे. उपाय साधाच निघाला. पट्टीत सात गोळ्या उरल्या की त्यावर लाल पेनानं रेघ मारलेली असते. रेघ दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन. नवीन पट्टी घरी आली की पहिलं काम रेघ मारणं, मगच ती डब्यात.

आज सकाळी रेघ दिसली. फोन केला आहे, गुरुवारी साडेसहाची वेळ मिळाली.